नववं प्रकरण

नवव्या प्रकरणात मी मरते.
नाव दर वेळी निराळं. कधी एल्सी, कधी रूबी,
एकदा तर माझ्या धाकट्या बहिणीचंच ठेवलंत, न विचारता.
पण ट्रे धरणारे लाल हात माझेच, बाई,
आणि ‘सर, मला काहीतरी सांगायचं होतं’ म्हणून
ते उद्यावर ढकलण्याचा मूर्खपणाही
तुम्ही माझ्याच पदरात घातलात.

नवव्या प्रकरणात उद्या उजाडत नाही.
कोळशाच्या खोलीत, सशांच्या खुराड्यामागे,
ओहोटीच्या चिखलात, पायात एकच बूट.
इन्स्पेक्टर हॅट काढतो, ‘बिचारी’ म्हणतो,
आणि दहाव्या प्रकरणात सगळे चहा घेतात.
तो चहा आता कोण करतं,
हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

तुमचे खून मी पावलांनी मोजलेत.
‘केझिया, कोठीपासून पुस्तकांच्या खोलीपर्यंत
ट्रे घेऊन किती वेळ लागतो गं?’
एक मिनिट दहा सेकंद.
‘आणि घाईत?’
घाईत ट्रे नेत नाहीत, बाई.
तुम्ही हसलात, वहीत टिपलंत,
आणि त्या दहा सेकंदांपायी एक कर्नल फासावर गेला.
लंडनच्या पेपरात आलं, काय ही बुद्धी!
मी त्या रात्री गुडघ्यांना टर्पेंटाइन चोळत बसले होते.
मिसेस गॅमिजने तर तुमच्या तिसऱ्या पुस्तकानंतर
बदाम घातलेलं काही तोंडात घेणंच सोडलं.

आता तुम्ही सेंट मार्गारेटच्या आवारात,
बहिणीच्या शेजारी. मध्ये हातभर गवत.
पुतण्या म्हणाला, खोली आवर, खोकी भर.
भरली नाहीत अजून.
तुमच्याच खुर्चीत बसले, पाय वर घेऊन,
आणि सव्वीसच्या सव्वीस ओळीने वाचली.
पहिलं तेवढं कधी हाती लागलं नव्हतं;
ते तुम्ही कुलपात ठेवायचात,
आणि किल्ली गळ्यात.

पहिल्यात मोलकरीण मरत नाही.

दाराआडून ऐकते, बोलून टाकते,
सरळ, तोंड पुसून, पाचव्याच प्रकरणात.
शेवटी पोस्टमनशी लग्न करते.
शेवटचं वाक्यही तिचंच, आलुबुखारांबद्दल.
हे तुमचं नाही, बाई.
तुम्ही कुणाला इतक्या सहज सोडलं नसतंत.

आठवलं मग. एकवीस सालचा फेब्रुवारी.
मिस ऑनरचा खोकला थांबून आठवडा झालेला,
तिची खोली अजून निलगिरीच्या वासाची.
‘या वह्या शेगडीत घाल, केझिया. जुनी बिलं आहेत.’
पाच वह्या. निळी शाई, डावीकडे झुकलेलं अक्षर.
दमट वही पेटत नाही, पानं सुटी करावी लागतात.
सुटी करताना एक पान वाचलं मी,
बिलात पोस्टमन कशाला, एवढंच मनात आलं.
मान वर केली तर दारात तुम्ही.
किती वेळ उभ्या होतात, ते मोजलं नाही.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं, पडदे बदलले,
मला आठवड्याला दोन शिलिंग वाढ मिळाली.
त्याच्या पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा मेले.

पंचवीस वेळा, बाई.
गळा दाबून, विषाने, एकदा इस्त्रीने.
आणि मला काही कळलंच नव्हतं हो!
मंगळवारी दुपारी कळलं,
तुम्हाला पुरून नऊ दिवस झाल्यावर.
एकदा विचारायचं तरी होतंत,
‘केझिया, तू काय वाचलंस?’
मी म्हटलं असतं, पोस्टमन.
दोघी हसलो असतो. कदाचित.

सोमवारी पुतण्या येणार आहे,
बरोबर प्रकाशकाचा माणूस, आठवणी टिपून घ्यायला.
‘सर, मला काहीतरी सांगायचं होतं.’
किटली ठेवताना म्हणून पाहिलं, मोठ्याने.
आवाज बरा लागतोय.
सोमवार अजून तीन दिवसांवर आहे.
मागच्या दाराला कडी घातली,
पुन्हा जाऊन पाहून आले,
आणि चहा माझा मीच ओतला.